खळ्यावर आलेलं माणूस

एरवी वाशिंदला माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात शेतीचा काही मागमूस नसतो. इमारतीच्या मागे दोन खाचरं अजून बांधकामापासून वाचून राहिली आहेत, एवढंच. पण दिवाळी जवळ येते, सकाळी खिडकीच्या गजांना दव धरायला लागतं, आणि एखाद्या दिवशी कपडे वाळत घालताना कापल्या भाताचा वास वर येतो. ओलसर, गोडूस, थोडा धुळीचा. हातातला कपडा हातातच राहतो. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करतं, शेजारी कुकरची शिट्टी होते, आणि मी शेणव्याच्या अलीकडे आमच्या खळ्यावर मांडीवर जुना लॅपटॉप घेऊन बसलेली असते. समोरच्या उतारावर खुरासणी फुललेली असते. धुकं अजून पुरतं उठलेलं नसतं, त्यामुळे ते पिवळं शेत जमिनीला टेकलेलं दिसत नाही, मधेच कुठेतरी तरंगत असल्यासारखं वाटतं.

तो हंगाम पाच वर्षांपूर्वीचा. त्यानंतरही दरवर्षी भात कापलं, झोडलं, कणगीत भरलं. पण हंगाम म्हटलं की मला तोच आठवतो.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांची बहुतेक नोकरी शहापूर-मुरबाड रस्त्यावर गेली. त्यांच्या आवाजाची या भागात एक ओळखच होती. भरल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत पोचणारा, पण ओरडल्यासारखा न वाटणारा आवाज. थांबा आला की ते गावाचं नाव घ्यायचे, आणि गाढ झोपलेली बाई दचकून पिशवी उचलायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो आवाज दुसऱ्या कामाला लावला. रविवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर बसून ते पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. म्हातारी माणसं, कामाला सुट्टी असलेली पोरं, शेंगा निवडत बसलेल्या बाया, सगळे ऐकायचे. बाबा अग्रलेखसुद्धा सोडत नसत. कुणी जांभई दिली तर थांबून त्याच्याकडे बघायचे.

मग काचबिंदू झाला. दुखलं नाही, खुपलं नाही, म्हणून कळलंही उशिरा. दोन्ही बाजूंनी अंधार हळूहळू आत सरकत आला. उन्हाळ्यात एक डोळा गेला आणि पावसाळा संपता संपता दुसरा. गेलेली नजर परत येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाबांनी फक्त मान हलवली. घरी आल्यावर ते पडवीतल्या खाटेवर बसले ते बसलेच. विहारात जाणं बंद झालं. बोलणंही जवळजवळ बंद झालं. पेपर मात्र येत राहिला. आई तो घडी न मोडता फडताळावर ठेवायची. तो बंद कर असं सांगायला कुणाची जीभ उचलत नव्हती.

मी त्याआधी कल्याणला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. तिथलं काम सुटलं होतं, दुसरं मिळालं नव्हतं. कापणी आईच्या एकटीच्या अंगावर आली होती, म्हणून मी घरी आले. येताना डोक्यात एक बेत होता. कॉम्प्युटरवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर मला माहीत होतं. ते कुठल्या कंपनीचं नाही. जगभरातल्या लोकांनी आपापला वेळ देऊन मिळून लिहिलेलं आहे, ते कुणीही घ्यावं, कुणीही दुरुस्त करावं. त्यात मराठीही होती. मी ते लॅपटॉपवर चढवलं, त्या दिवसाचा पेपर उघडला आणि बाबांच्या कानाला हेडफोन लावले.

मुरबाडच्या बाजाराची बातमी होती. यंत्राने वाचलं, मु-र-अ-बा-ड-अ. मग सरळगावचं नाव आलं. ते वाचलं, स-र-अ-ल-अ-गा-व-अ. आपण लिहिताना प्रत्येक अक्षरात जो अ गृहीत धरतो आणि बोलताना गिळून टाकतो, तो यंत्र एकेक करून बाहेर काढत होतं. ळ तर त्याला ठाऊकच नव्हता. बाबांनी दोन ओळी ऐकल्या, हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि बऱ्याच दिवसांनी एक पूर्ण वाक्य बोलले.

"ज्याला मुरबाड बोलता येत नाय, त्याच्याकडून मी पेपर ऐकू?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मला मात्र त्या वाक्याने गप्प बसवेना. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या लोकांच्या पानावर तळाशी लिहिलं होतं, काही विचारायचं असेल तर आमच्या चॅनेलवर या.

चॅनेल म्हणजे गप्पांची एक खोली. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या लोकांची ही जाळी फार जुनी, माझ्या जन्माच्याही आधीची. तिथे फोटो नाहीत, आवाज नाही, अंगठे आणि बदाम नाहीत. काळ्या पडद्यावर एकाखाली एक ओळी सरकत राहतात. प्रत्येक ओळीच्या आधी एक टोपणनाव. कुणी आलं की एक ओळ उमटते, अमुक आत आलं. गेलं की दुसरी, अमुक बाहेर गेलं. इतकं साधं असल्यामुळे त्याला रेंज अगदी कमी लागते, आणि आमच्याकडे रेंज तेवढीच होती. घरात मोबाईल मुका असायचा. खळ्यावर, पेंढ्याच्या उडवीशेजारी बसलं तर दोन काड्या यायच्या. मी घरातून लांब वायर ओढली, उपडं घमेलं मांडून त्याच्यावर लॅपटॉप ठेवला आणि त्या खोलीत शिरले.

आत चाळीसेक नावं होती आणि कुणीच बोलत नव्हतं. विहारात मी लहानपणी उशिरा पोचायचे आणि सगळे डोळे मिटून बसलेले असायचे, तसं वाटलं. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं की तुमची मराठी चुकते आहे, माझ्या वडिलांना ऐकवत नाही. उत्तर आलं नाही. वाऱ्याने रेंज गेली, मी बाहेर फेकली गेले. परत आत गेले. परत बाहेर. दुपारपर्यंत हेच चाललं. शेवटी पाइनकोन नावाच्या कुणीतरी लिहिलं, तुम्ही आज एकोणीस वेळा आलात आणि गेलात, सगळं ठीक आहे ना? मी रेंजचं सांगितलं. मग त्याने लिहिलं, घाई करू नका, तुम्ही नसताना आम्ही जे बोलू ते मी जपून ठेवेन आणि आल्यावर देईन. त्याने खरंच तसं केलं. पुढचे दोन महिने मी कितीही वेळा बाहेर फेकली गेले तरी परतल्यावर माझ्या चुकलेल्या ओळी तिथे नीट मांडून ठेवलेल्या असायच्या.

मी 'त्याने' लिहिते आहे, पण खरं तर मला माहीत नव्हतं. इंग्रजीत ते अडत नाही. मी घरी मराठीत सांगायला लागले आणि पहिल्याच वाक्याला अडले. तो म्हणाला म्हणू की ती म्हणाली? आपली क्रियापदं माणूस कोण आहे ते कळल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. बाबांनी खाटेवरून विचारलं की मदत करणारा बाप्या हाय की बाई. मी म्हटलं, विचारणं बरं दिसत नाही.

"मग ते मानूस बोल ना," बाबा म्हणाले. "ते मानूस आलं, ते मानूस गेलं. काय बिघडतं?"

आमच्याकडे असंच बोलतात. आवडत्या माणसाबद्दल तर हमखास. त्या दिवसापासून पाइनकोन आमच्या घरात ते माणूस झालं. पाइनकोन म्हणजे काय, हेही बाबांनी विचारलं. थंड मुलखातल्या झाडाचं लाकडासारखं फळ, असं मी सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे सुरूचं फळ, पण मोठं. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं.

दुरुस्तीचं काम माझ्याच गळ्यात पडलं, कारण त्या खोलीत मराठी येणारं दुसरं कुणी नव्हतं. मराठीचे नियम एका साध्या फाइलमध्ये होते आणि तिला कित्येक वर्षांत कुणी हात लावला नव्हता. अ कुठे गिळायचा आणि कुठे ठेवायचा, हे यंत्राला सांगायचं होतं. मी जन्मभर बिनचूक करत आलेली गोष्ट मला सांगता येत नव्हती. पाइनकोन प्रश्न विचारायचं, मी उत्तर द्यायची, त्यातून नियम निघायचा. नियम लिहिला की दहा शब्द सुधारायचे आणि दुसरे चार बिघडायचे. सकाळी मी आईबरोबर कापणीला जायची. दुपारी विळा ठेवून, हाताला लागलेली माती धुऊन घमेल्यासमोर बसायची. बोटं चिरलेली असायची, अक्षरं दाबताना झोंबायचं. आई म्हणायची, तिकडं पन भातच झोडतेस काय गो? मला तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, तिने बरोबर ओळखलं होतं.

एका दुपारी पाइनकोनने शब्दांची यादी मागितली. रोजच्या तोंडातले, एकमेकांहून वेगळे शब्द, आणि ते नीट उच्चारलेले. शक्यतो एका माणसाच्या आवाजात. मी घरात येऊन बाबांना सांगितलं. थोड्या वेळाने भिंतीला हात लावत, पायांनी चाचपत, ते खळ्यावर येऊन उभे राहिले. कितीतरी दिवसांनी ते घराबाहेर आले होते. ऊन तोंडावर आलं तसं त्यांनी तोंड वर केलं. मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. शहापूर. शेणवा. किन्हवली. सरळगाव. मुरबाड. मधले फाटे, नाके, वाड्या, सगळं एका ओळीत, एकही न चुकता. मग डोळखांबचा रस्ता घेतला. मग मुरबाडवरून पुढे धसई, टोकावडे, थेट सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत गेले. माझं आजोळ तिकडेच, एका वाडीत आहे. त्या वाडीचं नाव त्यांनी घेतलं तेव्हा भात झोडणारी आई क्षणभर थांबली.

"गावाचं नाव नीट घेतलं ना, तर झोपलेला मानूस पन उठतो," बाबा म्हणाले. "हे त्याला लिव."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी शेणव्याच्या नाक्यावर, जिथे रेंज बरी असते, तिथे उभी राहून तो आवाज पाठवून दिला.

पाइनकोनने तो बऱ्याच वेळा ऐकला असावा, कारण त्याचा पहिला प्रश्न शब्दांबद्दल नव्हता. मागे काहीतरी लयीत आपटतंय, ते काय आहे? मी सांगितलं, भात झोडतायत. पेंढी फळीवर आपटली की दाणे झडतात. त्याने विचारलं, आणि त्यानंतर पावसाच्या सरीसारखं येतं ते? ते दाणे जमिनीवर सांडतात, मी लिहिलं. जन्मभर तो आवाज माझ्या कानाशी होता, पण तो सरीसारखा आहे हे मला कुणी तरी परक्या मुलखातून सांगितलं. मी विचारलं, एवढं बारीक कसं ऐकलंत? त्याने सहज लिहिलं की मला लहानपणापासून दिसत नाही, हे सॉफ्टवेअर मी स्वतःसाठीच दुरुस्त करत आलेय की आलोय, ते इंग्रजीत कळलं नाही. तुमच्या ओळी मला यंत्रच वाचून दाखवतं, असंही त्याने लिहिलं.

मी हे बाबांना सांगितलं. ते उडवीला टेकून बसले होते. बराच वेळ त्यांनी काडी चघळली. मग त्यांनी एकेक प्रश्न सांगायला सुरुवात केली आणि मी ते तिकडे पोचवायला लागले. तू घरात एकटं राहतंस का? हो. रस्त्यावर चालतंस? हो, काठी घेऊन. पडतंस का? पडते, उठते, कधी गुडघा फुटतो. चहा कोण देतं? मीच करते. कपातून सांडत नाही? पाइनकोनने लिहिलं की बोटाचं पेर कपाच्या काठाच्या आत ठेवायचं, गरम लागलं की थांबायचं. कानही लावायचा, कप भरत आला की आवाज बारीक होत जातो. (मी इथे बायकांसारखं बोलवलं, कारण मी सांगत होते. बाबांनी ते मनातल्या मनात आपल्या पद्धतीने फिरवून घेतलं असेल.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते. चुलीपाशी बाबा बसले होते, हातात चहाचं पातेलं. आई दारात उभी होती, पदर तोंडाशी धरून. पहिल्या कपाचा अर्धा चहा जमिनीवर गेला. दुसरा काठोकाठ भरला. तिसरा बरोबर भरला आणि तो त्यांनी आईच्या पायांचा आवाज होता त्या दिशेला धरला. आईने तो घेतला. गोड झालाय, एवढंच म्हणाली. आमच्या घरात तेवढं पुष्कळ होतं.

त्या दिवसांचा विचार करताना मला वेळेचा अंदाज येत नाही. एक लांबच लांब दुपार असल्यासारखं आठवतं. ऊन तिरपं, पेंढ्याची धूळ उन्हात सोनेरी झालेली, पडद्यावर ओळी सरकतायत, आणि तिकडे त्या माणसाच्या गावात पहाट. ते कॅनडातल्या एका छोट्या गावात राहत होतं. आमचं ऊन कलायला लागलं की ते उठायचं. आत आलं, अशी ओळ उमटली की बाबा विचारायचे, उठलं का ते मानूस? आणि मी हो म्हणायची.

नव्या आवृत्तीची तारीख ठरली होती. त्याच्या थोडं आधी बदल घेणं बंद होणार होतं. मग वर्षभर काही नाही. मराठीची फाइल जवळजवळ झाली होती, एका शेवटच्या नियमावर अडली होती. आणि अशात पाऊस आला. दिवाळीच्या तोंडावर, आभाळ भरून, विजांसकट. कापलेलं भात शेतात आडवं पडलं होतं. आम्ही तिघी-चौघी शेजारणी ओले भारे डोक्यावर घेऊन घरात, पडवीत, गोठ्यात, जिथे जागा मिळेल तिथे रचत होतो. बाबा पडवीत बसून दोरी वळत होते, चाचपून भारे बांधत होते. टॉवरवर वीज पडली आणि रेंज पूर्ण गेली. सहा दिवस मोबाईलचा दगड झाला.

सातव्या दिवशी ऊन पडलं. खळं पुन्हा सारवलं. मी लॅपटॉप उघडला, खोलीत गेले, आणि यादीत एकच नाव होतं. माझं.

मी आधी मोजलं, मग परत मोजलं. चाळीस माणसं गेली होती. वर एक ओळही नव्हती. नंतर इकडेतिकडे शोधून कळलं की ती जाळी चालवणाऱ्यांमध्ये फूट पडली होती आणि निरनिराळ्या सॉफ्टवेअरची कितीतरी मंडळी रातोरात तिथून उठून वेगवेगळीकडे गेली होती. आमची खोली कुठे गेली, ते कुठेच लिहिलेलं सापडेना. सॉफ्टवेअरच्या पानावर अजून जुनाच पत्ता होता. पाइनकोनचा दुसरा काही पत्ता माझ्याकडे नव्हता. त्याचं नाव माहीत नव्हतं, आडनाव नाही, ते बाई की पुरुष हे नाही. बदल घेणं बंद व्हायला तीन दिवस उरले होते. बाजार उठल्यावर मैदानात दोरीचे तुकडे आणि पालापाचोळा उरतो, तशा त्या रिकाम्या पडद्याकडे मी बघत राहिले.

मी जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ती खोली बंद झाली का? मी म्हटलं, उघडी आहे, पण कुणी नाही.

"मग बसून राव तिथंच," ते म्हणाले. "थांबा हलवला की आमी जुन्या थांब्यावर दोन दिस मानूस उभा करायचो. ज्याला म्हाईत नाय तो तिथंच येतो. ते मानूस शहाणं हाय. येल."

पण मला बसून राहता येणार नव्हतं. भिजलेलं भात उन्हात पसरायचं होतं, परतायचं होतं, नाहीतर त्याला मोड आले असते. तेव्हा बाबांनी हात पुढे केला आणि हेडफोन मागितले. ज्या यंत्राकडून त्यांना पेपर ऐकायचा नव्हता, ते यंत्र त्यांनी कानाला लावलं. इंग्रजी त्यांना पाट्यांपुरतं यायचं. मी त्यांना दोनच शब्द ऐकायला शिकवले, ते टोपणनाव आणि आत आलं याचा इंग्रजी शब्द. ते दोन दिवस घमेल्याशेजारी पोत्यावर ताठ बसून होते. जेवायलाही तिथेच. त्यांच्याभोवती भात वाळत होतं, कोंबड्या हाकलायला आई येत-जात होती. यंत्र त्यांच्या कानात गप्प होतं आणि ते त्या गप्पपणाकडे लक्ष देऊन होते. मी लांबून बघायची. कामावर असलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं होतं. मी खाचरात होते. बाबांची हाक आली. तीच, मागच्या बाकापर्यंत पोचणारी.

"वंदे, ये गो. आलं. ते मानूस आलं."

मी बांधावरून धावत आले. पडद्यावर एक ओळ होती. तुम्ही इथेच राहिला असाल असं मला वाटलंच होतं, पाऊस होता का? त्याने सांगितलं की सगळे नव्या जागी गेल्यावर त्याने यादी ताडून बघितली, मी नव्हते. मग ते रोज सकाळी उठल्यावर इथे डोकावून जात होतं. मी परवापर्यंत रेंजबाहेर होते, म्हणून चुकामूक झाली. कालच्या दिवशी ते दवाखान्यात गेलं होतं, म्हणून आलं नाही. बाबांनी विचारलं, काय बोलतंय? मी म्हटलं, विचारतंय पाऊस होता का. ते म्हणाले, सांग, व्हता.

शेवटचा नियम आम्ही त्याच संध्याकाळी पुरा केला. बदल घेतला गेला. नवी आवृत्ती आली तेव्हा झोडणी संपत आली होती. मी पेपर उघडला, बाबांनी हेडफोन लावले. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. यंत्र वाचत होतं आणि ते एकेक गाव तपासत होते. मुरबाड. सरळगाव. एका ठिकाणी त्यांनी भुवई उचलली. बातमी संपल्यावर म्हणाले, आता जमलं त्याला. आवाज काय खास नाय.

त्या रविवारी ते माझ्या खांद्याला धरून विहारात गेले. ओट्यावर आपल्या जागी बसले. एका कानात हेडफोन, दुसरा कान मोकळा. तेच सॉफ्टवेअर आणि त्या दिवसाचा पेपर भरलेला मोबाईल खिशात. पेपरची घडी त्यांनी सवयीने गुडघ्यावर ठेवली होती, उलटी होती. यंत्राने कानात एक वाक्य वाचलं की ते क्षणभर थांबायचे आणि ते वाक्य आपल्या आवाजात मोठ्याने सांगायचे. पहिल्या पाच मिनिटांत लोक त्यांच्याकडे बघत होते. नंतर बातमीकडे लक्ष गेलं. शेंगा निवडणाऱ्या बायांचे हात परत चालू झाले. एक म्हातारे गृहस्थ मधेच म्हणाले, जरा ते मागचं परत वाच. बाबांनी परत वाचलं.

त्यानंतर मला वाशिंदला शाळेत कॉम्प्युटर शिकवण्याचं काम मिळालं. मराठीची फाइल अजून माझ्याकडेच आहे. त्या सॉफ्टवेअरच्या पोटात, जिथे ते स्वतःला तपासून बघतं, तिथे शहापूरपासून सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंतची सगळी गावं ओळीने आहेत. दरवेळी नवी आवृत्ती निघायच्या आधी कुठल्यातरी लांबच्या कॉम्प्युटरवर ती एकामागोमाग एक उच्चारली जातात आणि कुणाला ठाऊक नसतं की ही कुठली गावं.

यंदा कापणीला मी रजा घेऊन गेले. खळ्यावर आता चार काड्या येतात. बाबांनी पाइनकोनला विचारायला सांगितलं की आमच्याकडचं झोडणं तू ऐकलंस, तुझ्याकडे काय वाजतं? दोन दिवसांनी एक आवाज आला. सोबत लिहिलं होतं, यंदा बर्फ लवकर पडला, रस्त्याकडेच्या पत्रपेटीपर्यंत जाऊन परत येण्याचा हा आवाज आहे. आम्ही उडवीच्या सावलीत बसून तो लावला. करकर, करकर. कोरड्या पेंढ्यावर कुणी चालावं तसं, पण त्याहून खोल. मधे मधे काही नाही, नुसती शांतता. बाबांनी तो तीनदा ऐकला. मला वाटलं, त्यांना आवडला.

"म्हातारं हाय गो ते," ते म्हणाले. "डावा पाय मागं ऱ्हातोय. जाताना एकदा थांबलं आन येताना दोनदा. दम खायला."

पाच वर्षं मी माझ्याच वयाच्या कुणाशी तरी बोलत होते, असं मी धरून चालले होते. मी परत ऐकलं. आता मलाही तो पाय ऐकू आला.

बाबा म्हणाले, त्याला लिव, ती पेटी दाराशी आणून बसव म्हनावं, एवढं लांब जायचं नाय. मी लिहिलं. तिकडे सकाळ होती, उत्तर लगेच आलं. मी ते बाबांना मराठीत सांगितलं. दाराशी दुसरी पेटी केव्हाच बसवली आहे, टपाल आता तिथेच येतं. रस्त्यापर्यंत गेलं ते तुमच्यासाठी. बर्फ तिकडेच चांगला वाजतो.

आईने पेंढी फळीवर आपटली, दाणे सांडले. थोड्या वेळाने बाबांनी हात पुढे केला.

"परत लाव," ते म्हणाले.